वाटीची सही

“आई, तुझी सही लागलीय शाळेच्या बोर्डावर,” अपूर्वा म्हणाली, तेव्हा चंद्रप्रभा परातीत भाकरी थापत होती, आणि क्षणभर तिला अभिमानच वाटला. शाळेच्या बोर्डावर लागतात ती नावं पहिल्या नंबरांची असतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आपलं नाव तिथं कशासाठी लागेल हा प्रश्न नंतर आला, भाकरी तव्यावर पडल्यावर. “कसली सही?” “तुझीच. पहिल्या नंबरला. सौ. चंद्रप्रभा उद्धव बिडवे. शेवटच्या ‘वे’ची मात्रा तू पार वरच्या ओळीत नेतीस ना, तशीच.” अपूर्वानं दप्तर खाटेवर टाकलं, सायकलची किल्ली खिळ्याला अडकवली, आणि आईकडे न बघता सांगितलं, “मॅडमच्या विरुद्ध तक्रार केलीय तुम्ही बायकांनी. मॅडमनी ती स्वतःच काचेच्या आत लावली. वर लिहिलंय, सर्वांच्या माहितीसाठी. सह्या करणाऱ्या पालकांनी शनिवारी अकरा वाजता हॉलमध्ये यावं.” चंद्रप्रभाच्या पायाखालची फरशी जराशी सरकल्यासारखी झाली. तिनं सवयीनं कोपऱ्यात पाहिलं. तिथं पाण्यानं भरलेला तांब्या होता आणि त्याच्या तोंडावर एक पेला पालथा ठेवलेला होता. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लातूर भागातल्या घराघरांत लोक असा पेला ठेवत असत, जमीन हलली की तो पडून वाजावा म्हणून. आता सात वर्षं उलटून गेल्यावर कुणी ठेवत नव्हतं. चंद्रप्रभा ठेवत होती. पेला जागच्या जागी होता. म्हणजे हललं होतं ते तिच्याच आत काहीतरी. तव्यावरची भाकरी करपली.

तक्रारीत काय लिहिलंय ते अपूर्वानं वहीच्या मागच्या पानावर उतरवून आणलं होतं. चंद्रप्रभानं हात पुसून ते वाचलं; सातवीपर्यंत शिकलेली बाई जशी वाचते तशी, ओठ हलवत. प्रभारी मुख्याध्यापिका सालेहा मॅडम या शाळेची परंपरा मोडत आहेत. त्यांनी मुलींची सहल मुक्कामी नेली. दहावीची जी मुलं शाळेच्या वेळेत खासगी क्लासला जातात, त्यांना त्या हजेरीपटावर गैरहजर लावत आहेत, त्यामुळे मुलांचं भवितव्य धोक्यात आलं आहे. शाळेला धाक राहिलेला नाही. शाळेला कणखर, आपल्या संस्कारातला, बाप्या माणूस मुख्याध्यापक म्हणून हवा. वाचून झालं, तरी ती वहीकडे बघत बसली. अडचण अशी होती की यातलं एकही वाक्य तिला खोटं वाटत नव्हतं. सहलीला मुक्काम नको, असं ती केव्हाची म्हणत होती. ‘बाप्या माणूस’ हा तर तिचाच शब्द. ‘शाळेला धाक नाही’ हे वाक्य ती नळावर म्हणाली होती, दुकानात म्हणाली होती, आणि उद्धवला तर दर आठवड्याला फोनवर म्हणत होती. पण हे तिनं लिहून दिलेलं नव्हतं. तिनं असल्या कागदावर सहीच केलेली नव्हती. आणि सही तर तिची होती, मात्रेसकट. मन आपलं, सही आपली, आणि तरी कागद आपला नाही, असं कसं होतं, हे तिला कुणाला विचारता येईना. अपूर्वाला तर मुळीच नाही. ती पाठमोरी बसून करपलेली भाकरी दह्याबरोबर खात होती, आणि तिचं ते न बोलणं पाठीवर इस्त्री केल्यासारखं ताठ दिसत होतं.

लातुरातल्या या एका खोलीत दोघी मायलेकी दोन वर्षांपासून राहत होत्या. चाळीस पावलांच्या गल्लीत अशा बाराजणी होत्या. कुणी अर्धापूरहून, कुणी मुदखेडहून, कुणी देगलूरहून, पोराला डॉक्टर करायचं म्हणून गॅसची शेगडी, दोन पातेली आणि देवाचा एक फोटो घेऊन आलेली. नवरे तिकडं नोकरीवर किंवा शेतावर. चंद्रप्रभाचा नवरा उद्धव भूकंपानंतर गाव सोडून हदगावच्या बाजार समितीत कारकून लागला होता, कापसाच्या गाड्या मोजायचा आणि महिन्यातून दोनदा येस्टीनं यायचा. या गल्लीत सकाळी साडेपाचला कुकरच्या शिट्ट्या सुरू होत, सहाला सायकली निघत, आणि मग दिवसभर बायकाच बायका. निवडणूक आली की त्यांची मतं गावाकडं असत आणि मतं मांडायची तेवढी इथं. चंद्रप्रभाची मतं ठाम होती. नगरपालिकेत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या ते तिला पटलेलं नव्हतं. बाई निवडून येते आणि सहीचा शिक्का नवरा खिशात घालून फिरतो, मग सरळ नवऱ्यालाच निवडा की, निदान चहा तरी एकाच माणसाला पाजावा लागेल. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष शिवप्पाअण्णा तीनदा नगरसेवक झालेले होते; त्यांच्या राजकारणाबद्दल ती चांगलं बोलत नसे, पण माणूस कपाळाला भस्म लावतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, एवढ्यावर ती त्यांना बरंच माफ करीत असे. आपण कुणाला काय म्हणून माफ करतो याचा तिनं कधी विचार केलेला नव्हता. आता करून राहिली होती, आणि त्यात काही सुधरत नव्हतं.

सही कुठं झाली ते तिला दुपारी आठवलं, भांडी लावताना. फळीवर नवी स्टीलची वाटी होती. तिच्यावर नाव घातलेलं होतं, टिंबाटिंबांच्या अक्षरांत: सौ. नीलम्मा शिवप्पा, संक्रांत २००१. संक्रांतीनंतरच्या त्या मंगळवारी अण्णांच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. दहावीच्या झाडून सगळ्या आयांना बोलावणं. गालिच्यावर बसल्यावर नीलम्माकाकूंनी आपल्या निलंग्याकडच्या हेलात प्रत्येकीची चौकशी केली होती. “बस की ग, लांब का बसलीस? तू भूकंपातली ना? काय बाई दिवस काढले असतील.” अत्तर, गुलाबपाणी, तिळाची वडी. मग बोलता बोलता शाळेवर आलं, आणि चंद्रप्रभा बोलली. भरल्या घरात, नवं पातळ नेसलेलं, अध्यक्षांची बायको मान डोलावतेय, अशा वेळी माणूस जरा जास्तच नीट बोलतो. “धाक पाहिजे काकू. शाळेत बाप्या माणसाचं खाकरणं ऐकू आलं पाहिजे.” बायका हसल्या होत्या. काकू म्हणाल्या होत्या, “किती बरोबर बोललीस बघ.” कोपऱ्यात त्यांची भाची वहीत काहीतरी लिहीत होती, चंद्रप्रभाला वाटलं, कॉलेजची पोर आहे, अभ्यास करत असेल. मग निघताना दारात टेबल, टेबलावर वाट्यांची चळत, आणि शेजारी एक कोरा ताव, वर मोकळी जागा आणि खाली नुसते आकडे: एक, दोन, तीन. “वाण मिळाल्याची सही करा बरं का, म्हंजे कुणी राहायला नको.” सगळ्यात पुढं चंद्रप्रभा होती. तिनं पेन घेतलं आणि सही केली. एकदासुद्धा तिच्या मनात आलं नाही की वाण घेतल्याची सही जगात कुणी घेत नाही.

“येडी का काय तू?” शेजारच्या खोलीतली केवळाबाई म्हणाली. ती अर्धापूरची, घरच्या केळीच्या बागा, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर तिचं एकच औषध, केळं. आत्ताही तिनं एक सोलून चंद्रप्रभाच्या हातात दिलं. “दुसरी सही माझी हाय. मी काय म्हणून राहिले? शनिवारी जायाचंच न्हाई. कंबर धरली म्हणून सांगायचं.”

“अन् मॅडमनी विचारलं तर?”

“विचारू दे. आपल्याला काय करायचंय बाई? तिकडं अंबरीश सर मुख्याध्यापक झाले तर चांगलंच हाय की आपल्याला. पोरं त्यांच्याच क्लासला जातात, त्यांच्याच शाळेत हजेरी लागंल. एका दगडात...” ती थांबली आणि हसली. “तू तर म्हणतीसच की बाप्या माणूस पाहिजे. मिळाला बघ बाप्या. अण्णाचा पुतण्या हाय, गोरापान हाय, मोटारसायकल हाय.”

“खाकरतो का पर तो?” चंद्रप्रभा म्हणाली, आणि दोघी हसल्या, पण केळं तिनं अर्धंच ठेवून दिलं. अंबरीश सरांना तिनं दोनदा पाहिलं होतं. माणूस हुशार होता, पोरांना फिजिक्स तोंडपाठ करून घ्यायचा. मात्र वर्गात किती पोरं बसलीत हे त्यानं कधी मोजल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. शेवटच्या बाकांवरची पोरं दारातून दिसायची, चपलांच्या ढिगातच बसल्यासारखी. संध्याकाळी घरमालकाकडं उद्धवचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. तिकडून आधी कापसाच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू आले आणि मग उद्धव म्हणाला, “वाचल्याबिगर सही कशी केली तू?” तिला एकदम दुसरीच सही आठवली. त्यालाही ती सही आठवली असणार, जुनी. मग हळू आवाजात म्हणाला, “हजेरी किती कमी हाय आपुची?” “अकरा दिवस.” “मग जाऊ नको. गुमान घरी बस. हॉल तिकीट अडकलं तर वर्ष गेलं पोरीचं.” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. ती घरमालकाच्या पायरीवर जरा वेळ उभी राहिली. नवऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिचं एक ठाम मत होतं. तिनं ते मनातल्या मनात धरून पाहिलं, जसं आपण अंधारात भिंत आहे का ते चाचपतो. भिंत होती. पण टेकावंसं वाटेना.

जुनी सही अशी होती. पत्र्याचे शेड अजून उभे राहायचे होते, लोक ताडपत्रीखाली होते, आणि ट्रकमागून ट्रक येत होते. घोंगड्या, बादल्या, ब्रेड, कुठल्या तरी परमुलखातून आलेले स्वेटर. प्रत्येक वस्तूला रांग आणि प्रत्येक रांगेला रजिस्टर. नाव, माणसं किती, सही. सही करा, बादली घ्या. सही करा, चादर घ्या. त्या महिनाभरात चंद्रप्रभानं जितक्या सह्या केल्या तितक्या आधीच्या सगळ्या आयुष्यात केल्या नव्हत्या, आणि एकही वाचून नाही. वाचायला डोळेच जागेवर नव्हते. भांडं समोर आलं की हात आपोआप पेनाकडं जायचा. गल्लीतल्या बायका आज तिला येडी म्हणत होत्या, पण त्या गावांतल्या कुठल्याही बाईनं तिच्या जागी हेच केलं असतं, हे तिला पक्कं माहीत होतं. भांड्यांच्या रांगेत याद्या वाचायला मल्लिकार्जुन गुरुजी बसले होते, गावच्या शाळेचे हेडमास्तर. उंच, काळे, खणखणीत आवाजाचे. ते व्हरांड्यात खाकरले की चौथीपर्यंतची सगळी पोरं पाटीत डोकं घालायची. त्यांच्या डोक्याला पट्टी होती. पेले माणशी एक मिळणार होते. तिची पाळी आली. यादी भूकंपाआधीच्या मतदारयादीवरून आणि शाळेच्या पटावरून केलेली. गुरुजींनी वाचलं, “उद्धव बिडवे. माणसं...” आणि मान वर केली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या कडेला अपूर्वा होती, मागं उद्धव होता. धाकटी लेक इरा नव्हती. इरा दुसरीत होती, गुरुजींच्याच शाळेत. विसर्जनाच्या त्या रात्री गणपती गेला म्हणून रिकाम्या चौरंगाला एकटं वाटेल असं म्हणत ती आतल्या खोलीत चौरंगापाशी झोपली होती, हट्टानं. आणि बाकीचे तिघे अंगणात. गुरुजींना माहीत होतं. गुरुजींनीच तिला उचलून आणलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि त्याच खणखणीत आवाजात वाचलं, “माणसं चार.” शेजारच्या माणसानं चार पेले मोजून दिले. तिनं सही केली. खोटी सही होती. ते रजिस्टर तपासलं असतं तर कुठल्याही तपासनिसानं लाल रेघ मारली असती. पण त्यानंतर कितीतरी दिवस तिनं त्या चौथ्या पेल्याच्या आधारावर काढले. तोच हा, तांब्यावरचा.

म्हणून तिला शाळेला बाप्या माणूस हवा होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही इतकं सरळ नाही. तिच्या मनात हेडमास्तर म्हणजे तो आवाज होता, ज्याला पटावर काय लिहायचं आणि काय नाही हे कळतं. आणि सालेहा मॅडम तर पटावर एक रेघ इकडची तिकडं करीत नव्हत्या. जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यावर सेवाज्येष्ठतेनं त्यांची पाळी आली. दुसऱ्या दिवसापासून पावणेअकराला त्या स्वतः दहावीच्या वर्गात जाऊन हजेरी घेऊ लागल्या. ठेंगण्या, सुती साडीतल्या, डोक्यावरून पदर, हातात पुरुषी घड्याळ. वर्ग अर्धा रिकामा असायचा, अर्धी पोरं क्लासला. आधी सगळ्यांना सरसकट हजर लागत असे, तशी रीतच पडली होती. मॅडम एकेक नाव घेत, थांबत, आणि गैरहजर लिहीत. चंद्रप्रभा डिसेंबरात भेटायला गेली होती. “मॅडम, सगळेच जातात हो क्लासला.” “जातात ना ताई. म्हणूनच लिहिते. नसलेल्याला आहे म्हणून कसं लिहू?” हे वाक्य ऐकून ती आल्या पावली परतली होती आणि रस्ताभर तिला राग येत राहिला होता, मॅडमच्या मानानं फार मोठा, फार जुना राग. नसलेल्याला आहे म्हणून लिहिणारा माणूस तिनं पाहिलेला होता. त्याहून मोठा माणूस तिनं पाहिला नव्हता.

शनिवारी ती गेली. का गेली हे तिला सांगता आलं नसतं. केवळाबाईसुद्धा आली; “तू एकटी जाऊन काहीबाही बोलशील,” म्हणत. पिशवीत चंद्रप्रभानं ती वाटी घेतली होती, तेही का ते ठाऊक नव्हतं. घरात ठेववेना एवढंच. फाटकाशी अपूर्वा थांबली होती. तिनं आईची पिशवी धरली, सोडली, पुन्हा धरली. “आई, एक सांगू का? रागावू नको. सोमवारी प्रार्थनेला मॅडमनी विचारलं, तुमच्यापैकी कुणाला आपल्याकडचा भूकंप आठवतो का. गुजरातसाठी सामान गोळा करायचं होतं ना. मी बोलले.” “काय बोलली?” “इराचं. अन् पेल्याचं.” घरात हे नाव सात वर्षांत कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं, आणि पोरीनं ते सातशे पोरांसमोर माईकवर घेतलं होतं. रागवावं की पोरीला जवळ घ्यावं हे ठरायच्या आत घंटा झाली.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिच्या नाकात तो वास शिरला. भिंतीला लागून घोंगड्यांची थप्पी, जुन्या चादरी, बादल्या, पातेली, पेले. पोरांनी घराघरांतून आणलेलं, गुजरातला जायचं. कच्छमधल्या भूकंपाला नववा दिवस होता. नव्या घोंगडीचा, फिनेलचा आणि दुसऱ्याच्या घराचा मिळून जो वास होतो तो तिनं सात वर्षांत घेतला नव्हता. ती थप्पीशेजारीच बसली, एक हात नकळत वरच्या घोंगडीवर ठेवून. तीसेक बायका आल्या होत्या, चार पुरुष. पहिल्या रांगेत अंबरीश सर, पायावर पाय टाकून. त्यांनी तिला ओळखून मान झुकवली. समोर टेबलाशी सालेहा मॅडम उभ्या राहिल्या. कागद हातात होता आणि कागद थरथरत होता, हे चंद्रप्रभाला लांबून दिसलं. म्हणजे बाई घाबरलेली होती. हे तिच्या हिशेबात नव्हतं.

“मी काही खुलासा करणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे. संस्थेनं मला विचारलंय, मी संस्थेला उत्तर देईन. मला फक्त दोन गोष्टी हव्यात. नाव घेईन त्यांनी सांगायचं, सही तुमची आहे का, आणि मजकूर वाचून केली का. तिसरं काही विचारणार नाही.” मग त्यांनी कागदाकडं पाहिलं. वर पाहिलं, थप्पीकडं, घोंगडीवरच्या त्या हाताकडं. जरा थांबल्या. आणि म्हणाल्या, “केवळाबाई.”

केवळाबाई उठली. “सही माझीच हाय मॅडम. वाचली न्हाई. चष्मा घरी राहिलता.” “अन् आज?” कुणीतरी मागून विचारलं. “आज आणलाय की,” ती म्हणाली आणि हॉल हसला. तिसरी बाई वाचून केली म्हणाली, ठसक्यात. चौथी रडायलाच लागली. पाचवी, सहावी. चंद्रप्रभा ऐकत होती आणि ऐकत नव्हती. पहिला आकडा तिचा होता. दोनपासून सुरुवात झाली होती. चुकून नाही, ही बाई पटावर रेघ इकडची तिकडं करीत नाही. त्या बाईनं वर पाहिलं होतं, आणि मग मान खाली घालून तिला सोडून दिलं होतं. माणसं चार. तिच्या कानात तो खणखणीत आवाज आला, आणि तो या बारक्या, थरथरणाऱ्या आवाजातून कसा काय आला हे तिला कळेना. आता गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. कुणी विचारणार नव्हतं. उद्धवचा शब्द राहिला असता, अंबरीश सरांची मान पुन्हा झुकली असती, अपूर्वाचे अकरा दिवस कुठं ना कुठं भरून निघाले असते. पुन्हा एकदा तिला जे तिचं नव्हतं ते मोजून हातात दिलं जात होतं, आणि या वेळी सहीसुद्धा करायची नव्हती. तेव्हा तिनं घेतलं होतं, कारण ते इराचं होतं. हे कुणाचं होतं? शेवटचं नाव झालं. मॅडम कागदाची घडी घालू लागल्या.

“मॅडम,” ती म्हणाली. घडी घालणं थांबलं नाही म्हणून पुन्हा म्हणाली, “मॅडम, माझं नाव राहिलं.”

“राहू द्या ताई.”

“न्हाई. पहिल्या नंबरला हाय.” ती उठली. फरशी पुन्हा सरकल्यासारखी वाटली. तिनं एकदा छताकडं पाहिलं, पंखा स्थिर होता. “सही माझी हाय. वाचलेली न्हाई, कारण वाचायला वर काही नव्हतंच. कोरा ताव होता. सही वाटीची हाय.” तिनं पिशवीतून वाटी काढून टेबलावर ठेवली, आणि स्टीलचा तो बारीक आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सगळ्यांच्या फळीवर तशी एकेक होती. “आता वाचली. अन् खरं सांगू का, त्यातलं बरंच मला पटतंय.” मागून हशा आला. “हसू नका. सहलीला मुक्काम नको, हे माझं मत हाय. शाळेला बाप्या माणूस पाहिजे, हे पण माझंच मत हाय, आजही हाय. पण ते मी तोंडानं बोलले. लिहून दिलेलं न्हाई. ही सही वाटीची हाय, ती वाटीपुरतीच ऱ्हाऊ द्या.”

अंबरीश सर उठून गोड हसले. “काकू, मत तेच ना तुमचं? मग कागदावर आलं काय आणि न आलं काय, फरक काय पडला?”

प्रश्न बरोबर होता. तोच तर ती तीन दिवस स्वतःला विचारत होती. तिनं घोंगड्यांकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं, दारातून आत डोकावणाऱ्या अपूर्वाकडं पाहिलं. “त्येच कळंना गेलंय सर,” ती म्हणाली. “पण पडलाय.”

मग एक बाई उठून म्हणाली, माझीपण वाटीचीच. आणखी एक. ठसक्यातली उठली नाही. केवळाबाई म्हणाली, “मी तर आधीच बसले, आता पुन्हा उठू का?” मॅडम प्रत्येकीचं जसंच्या तसं लिहून घेत होत्या, चंद्रप्रभाच्या नावासमोर त्यांनी लिहिलं, ‘सही माझी, वाटीची. तक्रारीतील बराच मजकूर मान्य.’ एक शब्द गाळला नाही. “अन् अपूर्वाची हजेरी?” चंद्रप्रभानं हळूच विचारलं. “अकरा दिवस कमी आहेत ताई, ते कमीच लिहिले जातील. परीक्षेच्या बोर्डाकडं विनंतीअर्ज माझ्या सहीनं जाईल. काय होईल ते मला सांगता येत नाही.” चंद्रप्रभाला वाटलं होतं, ही बाई आता तरी हसेल, काही सूट देईल. मॅडमनी ड्रॉवरमधून एक कोरा ताव काढून तिच्यापुढं सरकवला. “तुमचं मत लिहून द्या. माझ्या विरुद्ध असलं तरी चालेल. तेही बोर्डावर लावीन.”

व्हरांड्यातल्या बाकावर ती ताव मांडीवर घेऊन बसली. आत पोरं सामान बांधत होती. टेबलावरची वाटी कुणीतरी उचलून पेल्यांच्या पोत्यात टाकली होती, नीलम्माकाकूंच्या नावासकट, आणि तिकडं कच्छात कुणी बाई रांगेत उभी राहून सही करून ती घेणार होती, बहुतेक न वाचता. फाटकाबाहेर अंबरीश सरांची मोटारसायकल सुरू झाली आणि गेली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सालेहा मॅडम पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना ठसका लागला असावा; पदर तोंडावर धरून त्या खाकरल्या, आणि खालच्या वर्गातला गलका एकदम थांबला. चंद्रप्रभानं मान वर केली. पुन्हा खाली घातली. तिनं पेन उघडलं आणि तावाच्या अगदी वर, जिथं आधी मजकूर असायला हवा तिथं, आपलं नाव लिहिलं. मात्रा कागदाच्या कडेला लागली. खाली सगळा ताव पांढरा. अपूर्वा शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून.

“काय लिहिलंस?”

“नाव.”

“अन् पुढं?”

“थांब की जरा,” चंद्रप्रभा म्हणाली. “तेवढंच वाचून राहिले.”